वगळायची खूण

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आमच्या चर्चमध्ये येशूची वधस्तंभावरची सात वचनं होतात. सात जण बोलतात, मधेमधे गीतं आणि प्रार्थना. गेल्या वर्षी पहिलं वचन माझ्या वाट्याला आलं. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.’ शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, पाठ केलेलं, आजीच्या तोंडून ऐकलेलं, झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणता येईल असं वाक्य. तयारी करताना फोनवरच्या इंग्रजी बायबलमध्ये त्या वाक्याची तळटीप पुन्हा समोर आली: काही जुन्या हस्तलिखितांत हे वाक्य नाही. ती मला आधीपासून माहीत होती. या वेळी मात्र ती झाकून बोलावंसं वाटेना. वेदीवर काळं कापड, डोक्यावर पंख्यांची घरघर, समोर पांढऱ्या साड्यांच्या रांगा. मी म्हटलं, ‘लूकच्या शुभवर्तमानाच्या काही फार जुन्या प्रतींत हे वचन सापडत नाही. तरी मंडळीने ते जपलं.’ एवढंच. पुढे क्षमेवर बोलले आणि जागेवर येऊन बसले.

त्या दिवशी उपासना संपल्यावर कोणी फारसं बोलत नाही, लोक गुपचूप पांगतात. मी दाराबाहेर मांडवात आले तर एका मावशींनी माझा दंड धरला. त्यांचा मुलगा ट्रकखाली गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. ट्रक चालवणारा पोरसवदाच होता. पुढे कधीतरी त्याची आई मावशींच्या घरी आली, उंबऱ्यातच बसून राहिली. मावशींनी तिला आत घेतलं, चहा केला, आणि हेच वचन म्हणून तिच्यासोबत प्रार्थना केली. आमच्या मंडळीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्या स्वतः कधी सांगत नाहीत. दंड धरून त्यांनी मला विचारलं, “बाई, मग प्रभू ते बोललाच नाही का?”

मी म्हणाले, “मावशी, काही प्रतींत नाही, पण पुष्कळ प्रतींत आहे. मला वाटतं, तो बोलला.”

त्यांनी मान हलवली. माझा दंड सोडला. रागावल्या नव्हत्या. पण ‘मला वाटतं’ हे दोन शब्द हातात घेऊन त्या घरी गेल्या, आणि तिथे त्यांनी त्यांचं काय केलं असेल, हा विचार माझ्या मागे लागला. इतकी वर्षं मी माझे प्रश्न माझ्याच अंगावर घेतले होते. रात्री वाचायचं, टिपणं काढायची, सकाळी पोळ्या लाटताना स्वतःशी वाद घालायचा. माझ्या शंकेची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागेल असं डोक्यात आलं नव्हतं. आणि किंमत मोजावी लागली ती कुणाला, तर आमच्यातल्या त्या एका बाईला, जिने ते वाक्य खरं करून दाखवलं होतं.

मी नगरकडची. माझी पणजी नेवासे तालुक्यातल्या एका गावच्या महारवाड्यातली, वडाळा मिशनच्या वाऱ्यातली. १८३१मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, पुढे खेड्याखेड्यांत पोचलं, तेव्हा आमच्या घराण्यात पहिल्यांदा अक्षर आलं. पणजीने आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य पवित्र शास्त्रातलं होतं. ते कोणतं होतं यावर आजी आणि तिच्या बहिणींचं एकमत नव्हतं. एक म्हणे स्तोत्र तेविसावं, दुसरी म्हणे योहानाचं शुभवर्तमान. पणजीचं ते पुस्तक मी पाहिलंय. पाठीचा शिवण-दोरा सुटलेला, कोपऱ्यांवर तेलकट बोटांचे डाग, आणि ‘श्रम करणाऱ्या व ओझ्याने दबलेल्या’ लोकांना प्रभू बोलावतो त्या ओळीखाली शिसपेन्सिलीची इतकी जाड रेघ की पानाला मागून उठाव आलाय. ज्या गावात विहिरीला हात लावायची बंदी, तिथल्या बाईला देवाचं पुस्तक स्वतःच्या मांडीवर घेऊन बसता आलं. तिच्यासाठी हे पुस्तक विश्वसनीय आहे की नाही हा प्रश्नच निघत नव्हता. माणसात आणणारं ते पहिलं पुस्तक होतं.

म्हणून माझी शंका मला जड जाते. ती एखाद्या परक्या ग्रंथावर घेतलेली नाही.

शंका आली ती कॉलेजात. कुणी फूस लावली नव्हती, मी फक्त सलग वाचत गेले. आमच्याकडे वाचन असतं ते तुकड्यांत, आज इथला अध्याय, उद्या तिथला. सलग वाचलं की सांधे दिसायला लागतात. येशूची गोष्ट सांगणारी शुभवर्तमानं चार: मत्तय, मार्क, लूक, योहान. मत्तयात मरियेचा नवरा योसेफ याचा बाप याकोब, लूकमध्ये एली. मत्तय सांगतो, येशूला धरून देणाऱ्या यहूदाने गळफास घेतला. प्रेषितांच्या कृत्यांत तो शेतात पालथा पडून फुटला. लूक येशूचा जन्म रोमी सुभेदार क्विरिनियसच्या नावनिशीशी, म्हणजे शिरगणतीशी, जोडतो, आणि ती नावनिशी इ.स. ६मधली, तर ज्या हेरोद राजाच्या काळात बाळ जन्मलं तो इ.स.पू. ४मध्येच मेला. पहिल्या तीन शुभवर्तमानांत शेवटचं भोजन वल्हांडणाचं, म्हणजे यहुद्यांच्या सणाचं, आहे. योहानात वल्हांडणाचा कोकरा कापायच्या दिवशीच येशूला खिळतात. माझ्या वडिलांनी प्रत्येकाला उत्तर शोधलं होतं. ते शाळामास्तर होते, त्यांना गणित न सोडवता ठेवणं जमायचं नाही. एक वंशावळ मरियेची, म्हणायचे. फास तुटून यहूदा पडला असेल. मी ऐकून घ्यायचे, पण प्रत्येक उत्तरात पुस्तकात नसलेलं काहीतरी त्यांना पदरचं घालावं लागायचं. पुस्तकाचा मान राखायला पुस्तकात भर घालायची, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

खरं तर या विसंगतींनी माझी झोप कधी उडाली नाही. चार माणसं एकाच मयताला जाऊन आली तरी चार गोष्टी सांगतात. मला खरी धाप लागते ती पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायाशी. परमेश्वर शमुवेल संदेष्ट्याच्या तोंडून शौल राजाला सांगतो की अमालेक्यांचा, त्या शत्रू टोळीचा, नाश कर. पुरुष, स्त्रिया, पोरं, तान्ही बाळं, गुरं, मेंढरं, उंट, गाढवं, सगळं मार. शौल अमालेक्यांच्या राजाला आणि उत्तम जनावरांना जिवंत ठेवतो, आणि देव त्याच्यावर कोपतो तो बाळं मारली म्हणून नाही, आज्ञा अर्धवट पाळली म्हणून. उपदेश मी ऐकलेत ते ‘यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे’ या ओळीवर. त्या ओळीच्या मागे तान्ही बाळं आहेत, हे उपदेशपीठावरून कुणी बोलताना मला ऐकू आलेलं नाही. तसंच स्तोत्र १३७. बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचं गाणं, अंगावर काटा आणणारं. पण शेवटच्या ओळीत शत्रूची बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय, आणि उपासनेत वाचताना आपण त्याच्या आधीच थांबतो. थांबणारा प्रत्येक पाळक मनातून जाणतो की हे देवाचं बोलणं नव्हे. घर जळून गेलेल्या माणसाचं ते बोलणं आहे, आणि त्या नात्याने त्याला त्या पुस्तकात जागा आहे. पण हे मोठ्याने म्हणायचं नाही असा अलिखित करार आहे. मला तो करार मोडायचाय. ज्या देवापुढे मी गुडघे टेकते त्याने अमालेकी बाळं मारायला सांगितली, यावर माझा विश्वास नाही. ते त्याच्या नावावर लिहिलं गेलं, असं मी मानते.

इथे मला दुसऱ्या टोकाने कोणीतरी पकडतं, आणि ते कोणीतरी मीच असते. प्रेषित पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्त्रीने शिकवू नये, निवांत राहावं असं म्हटलंय. अनेक अभ्यासकांच्या मते ते पत्र पौलाचं नाही, त्याच्या नंतरच्या कुणाचं आहे. हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं. मी शिकवते, उपदेशपीठावर उभी राहते. इफिसकरांस पत्रात दासांना धन्याची आज्ञा पाळायला सांगितलंय, आणि महारवाड्यातून आलेल्या घरात ती ओळ कशी लागते ते वेगळं सांगायला नको. तेही पत्र पौलाचं नसावं असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि तेही मला गोड लागतं. मग तेच अभ्यासक जेव्हा म्हणतात की ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हे वाक्य मूळ लूकमध्ये असेलच असं नाही, तेव्हा माझ्या छातीत कळ का यावी? नावडतं गळून पडलं की ते संशोधन, आवडतं गळालं की तो आघात, असं चालत नाही. एकच ताजवा सगळ्यांना लावायला हवा. म्हणून मी त्या उन्हाळ्यात ते वाक्य नीट तपासायला घेतलं, मावशींसाठी आणि माझ्यासाठीही.

जे हाती लागलं ते असं. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची प्रत, आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे, त्यात हे वाक्य नाही. तिथेच असलेल्या चौथ्या शतकातल्या प्रसिद्ध प्रतीतही नाही. पण दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिहिणाऱ्या बिशप इरेनियसला ते माहीत होतं, म्हणजे ते पपायरसइतकंच जुनं आहे. काही म्हणतात, स्तेफन या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याने दगड खाताना मारणाऱ्यांसाठी प्रार्थना केली, शिष्याने केली तर गुरूने केलीच असणार, म्हणून कुणीतरी मागाहून घातलं. उलट बाजू म्हणते, इ.स. ७०मध्ये यरुशलेम उद्ध्वस्त झालं, तेव्हा काही ख्रिस्ती लोकांना वाटलं की देवाने यहुद्यांना क्षमा केलेली नाही. मग येशूच्या तोंडी ही प्रार्थना नकोशी झाली आणि नकलकारांनी गाळली. यहुद्यांविषयीचा द्वेष मंडळीत किती लवकर शिरला ते पाहिलं की मला दुसरं जास्त पटतं.

आणि मग सिनायची प्रत, बायबलचं एक फार जुनं हस्तलिखित. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरिनच्या मठात ती होती, पुढे रशियात गेली. १९३३मध्ये ब्रिटनने सोव्हिएत सरकारकडून तिचा मोठा भाग एक लाख पौंडांना घेतला, आणि २००९पासून तिची पानं इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. रात्री जेवणं उरकल्यावर मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून ते पान काढलं. कातड्याचा फिकट पिवळा पोत, चार अरुंद स्तंभ, तपकिरी शाई, दोन शब्दांमध्ये जागाच नाही. मला ग्रीक येत नाही, शेजारी दिलेल्या छापील पाठावर बोट ठेवून ओळ शोधावी लागली. पहिल्या लेखनिकाने हे वाक्य लिहिलंय. नंतर तपासणाऱ्या कुणीतरी ते वगळावं अशी खूण केली. त्याच्याही नंतर आणखी कुणीतरी आलं आणि ती खूण पुसून टाकली.

मी कितीतरी वेळ त्या ओळींकडे बघत राहिले.

तिघांपैकी कुणाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. तिघेही प्रार्थना करणारी माणसं असणार, कारण त्या काळी असलं काम करणारे बहुधा असेच. खूण करणारा धर्मबुडवा नव्हता. त्याच्यापुढे दुसरी प्रत असेल, तिच्यात हे वाक्य नसेल, आणि देवाच्या वचनात माणसाचं काही मिसळू नये एवढीच त्याला काळजी असेल. मला तो माणूस ओळखीचा वाटला. माझ्यासारखाच तो शंका घेऊन मंडळीच्या आत बसला होता आणि त्याच पुस्तकावर वाकला होता. त्याला कुणी बाहेर काढलं नाही. आम्हाला शब्बाथशाळेत शिकवलं होतं की शंका ही बाहेरून येते, कॉलेजातून, सिनेमातून, वाईट संगतीतून. ती तर चौथ्या-पाचव्या शतकापासून आमच्या पानांवर शाईने लिहिलेली आहे.

हे सगळं मी माझ्या एका मैत्रिणीला सांगितलं. ती संस्कृत शिकवते, भांडारकर संस्थेत तिचं जाणं-येणं असतं. तिला यात काहीच नवल वाटलं नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची गोष्ट परिशिष्टात गेली, वस्त्रहरणात द्रौपदीने कृष्णाचा धावा केला तो भाग मुख्य पाठातून खाली टिपांत गेला, आणि हे काम १९१९पासून १९६६पर्यंत चाललं ते पुण्यात, भाविक घरांतल्या पंडितांच्या हातून. मग ती म्हणाली, “अगं, तुझ्या नेवाशाचंच घे ना. ज्ञानेश्वरी तिथे झाली, तीनशे वर्षांत पाठ बिघडले, आणि नाथांनी शके १५०६मध्ये प्रती ताडून शुद्ध केली. नाथांची भक्ती कमी होती का?” ज्या तालुक्यात माझ्या पणजीला मिशनने अक्षर दिलं त्याच तालुक्यातल्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बोलले होते, आणि त्या बोलण्यालाही कुणाला तरी प्रती शेजारी ठेवून तपासावं लागलं होतं. मला त्या दुपारी फार बरं वाटलं. आणि थोडं वाईटही, कारण ज्ञानेश्वरीत जे सहज चालतं ते आमच्या चर्चमध्ये बोलायला मला इतकी वर्षं का लागली, ते कळेना. कदाचित अल्पसंख्य असण्याचं हे आहे. बाहेरून बोटं दाखवणारे पुष्कळ असले की घरातल्या भिंतीची भेग घरातलं माणूसही उच्चारत नाही.

पंडिता रमाबाईंना ती भीती नव्हती. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाल्यावरही तिथल्या सिस्टर जेराल्डिन या जोगिणीशी त्यांचा पत्रांतून जो झगडा चालला, तो वाचताना मला नेहमी मोठा धीर येतो. मंडळी सांगते म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. पुरोहितांचा अधिकार एकदा झुगारून आलेली बाई दुसऱ्यांदा तो का डोक्यावर घेईल? आणि हीच बाई आयुष्याची अखेरची वर्षं केडगावला हिब्रू-ग्रीकवर बसून संपूर्ण बायबल मराठीत आणते, ते काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ला जाते. ज्या पुस्तकाविषयी त्यांनी इतके वाद घातले, त्याच्यावर इतका घाम बहुधा आमच्यापैकी कुणीच गाळला नाही.

तरीही मला कुणी विचारलं, की पुस्तक असं माणसांच्या हातून आलेलं, चुकलेलं, दुरुस्त झालेलं, मग तू ख्रिस्ती का, तर माझं उत्तर पुस्तकातूनच येतं. इ.स. १७०च्या सुमारास ततियान नावाच्या माणसाने चार शुभवर्तमानं गुंफून एकच सलग गोष्ट तयार केली. विसंगती गेल्या, सांधे बुजले. सिरियातल्या मंडळ्यांनी ती दोनशे वर्षांहून जास्त काळ उपासनेत वाचली. पाचव्या शतकात थेओदोरेत नावाच्या बिशपाने तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा केल्या आणि त्या जागी पुन्हा चार शुभवर्तमानं ठेवली. त्याचे हेतू माझ्यासारखे नव्हते, त्याला ततियान पाखंडी वाटत होता. पण परिणाम बघा. एकजीव, बिनचूक गोष्ट मंडळीच्या हातात होती आणि मंडळीने एकमेकांशी न जुळणारे चार साक्षीदार ठेवले. मार्काचा येशू ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ म्हणत मरतो, लूकचा येशू बापाच्या हाती आत्मा सोपवून. दोन्ही ठेवले. असं पुस्तक बनवणाऱ्या लोकांवर माझा भरवसा बसतो. आणि त्या चौघांच्या बोलण्यातून, कुठे जुळत, कुठे न जुळत, जो माणूस समोर येतो, कुष्ठ्याला हात लावणारा, जकातदाराच्या ताटात जेवणारा, त्याच्यामागून मला जायचंय. तो खराच असा होता का, याची पावती कुठल्याही कातड्यावर मिळणार नाही, हे मान्य करून जायचंय.

मावशींकडे मी पावसाळा सुरू व्हायच्या आधी गेले. तीन हातांची गोष्ट सांगितली, फोनवर ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, “पुसायला आला तोही देवानंच धाडला असंल.” मी विचारलं, आणि खूण करायला आला तो? त्या म्हणाल्या, “त्याचं त्याला ठाऊक. पण मी त्या पोराच्या आईला जे बोलले ते आता मागं घेता येतं का? आणि घ्यायचंय कुणाला?” मग त्यांनी मला पिशवीभर शेवग्याच्या शेंगा दिल्या आणि विषय संपवला. त्यांचं समाधान झालं की त्यांनी माझं समाधान केलं, मला सांगता येणार नाही. माझी शंका मिटली नाही. पण त्या वाक्याला आधार काय, असं कुणी विचारलं तर आता मी पपायरसांबरोबर त्या चहाच्या कपाचंही नाव घेईन. पुरावा म्हणून तो अभ्यासकांपुढे टिकणार नाही. माझ्यापुढे टिकतो.

या उन्हाळ्यात शब्बाथशाळेच्या मोठ्या वर्गाला, सातवी-आठवीच्या मुलांना, शमुवेलाचं पुस्तक शिकवायची पाळी माझ्यावर आहे. छापील धड्यात दावीद आणि गल्याथ आहे, शौलाचा हेवा आहे, पंधराव्या अध्यायातून फक्त ती आज्ञापालनाची ओळ आहे. मी पाळकसाहेबांना सांगितलं की मी तो अध्याय पुरता वाचून घेणार, बाळांसकट, आणि मुलांना काय वाटतं ते बोलू देणार. ते बराच वेळ पेन फिरवत बसले. त्यांच्याही मनात तो अध्याय सलत असावा, कारण नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, की आधी पालकांशी बोला, कुणी मागाहून तक्रार घेऊन यायला नको. येत्या रविवारी उपासनेनंतर पालकांची बैठक ठेवली आहे.